मोरीपासून मैदानापर्यंत

रात्रीचा एक वाजून गेला होता. २०२५ चा जानेवारी महिना. दाराची कडी वाजली म्हणून उठले. दारात नवरा आणि मुलगा, दोघांचे चेहरे फुललेले. "जिंकलो! उद्या फायनल!" मुलगा आत आला, पाठीवरची बॅग मोरीच्या दाराशी टाकली आणि पाय धुता धुता म्हणाला, "आई, जर्सी धुवून ठेव हं. उद्या संध्याकाळी सातला निघायचंय."

आता धुतली नाही तर उद्यापर्यंत वाळणार नाही. लाल मातीचे डाग मशीनमध्ये निघत नाहीत, ब्रशने घासावे लागतात. मी बादलीत पावडर कालवली आणि खाली बसले. आतून दोघांच्या गप्पा ऐकू येत होत्या. कोणती पकड कशी झाली, शेवटच्या मिनिटाला बोनस कसा मिळाला. मी घासत होते. घासता घासता एक गोष्ट ध्यानात आली. मुलगा क्रीडा मंडळात जायला लागल्याला दोन हंगाम झाले. आठवड्यातून तीनदा म्हटलं तरी शंभरावर वेळा ही सात नंबरची जर्सी माझ्या हातून धुतली गेली असेल. पण एकाही सामन्यात ती मुलाच्या अंगावर मी पाहिलेली नव्हती.

मैत्रिणींनो, मला त्या रात्री राग आला नाही, हे आधीच सांगते. मुलाच्या जिंकण्याचा आनंद मलाही झाला होता. पण तो आनंद मला मोरीत बसून, भिंतीपलीकडून ऐकावा लागत होता. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते आज लिहिते आहे.

आम्ही राहतो पनवेलजवळच्या सुकापूरला, माथेरान रस्त्यावर. इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला प्रबळगड दिसतो. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं मुंबईतल्या चाळी सोडून इकडे आली आहेत. सासरे परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पुढे खोलीही गेली. राहिली ती कबड्डी. लालबाग-परळच्या गल्लीगल्लीत तेव्हा कबड्डीचे संघ होते आणि सासरे त्यातल्या एका संघाचे कोपरारक्षक. ते गेले, पण त्यांच्या पकडींच्या गोष्टी घरात राहिल्या. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्याला खेळायला जमलं नाही. म्हणून मुलगा खेळायला लागला तेव्हा घरात सण झाला. रायगड जिल्ह्यात पाऊस गेला, शेतं मोकळी झाली की गावोगावी मैदानं आखली जातात. रात्री दिव्यांच्या झोतात सामने होतात. उन्हाळा संपेपर्यंत हे चालतं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग टीव्हीवर आली आणि पोरांच्या डोळ्यांत नवीनच स्वप्न आलं. गावच्या मातीतला खेळ पैसाही देऊ शकतो, हे सगळ्यांना पहिल्यांदाच दिसलं.

आता या हंगामात आईच्या वाट्याला काय येतं ते पाहू. मुलगा किशोर गटात खेळतो. या गटाला वयाची अट सोळा वर्षांची आणि वजनाची पंचावन्न किलोची. वाढत्या वयाचा मुलगा, भूक राक्षसासारखी, आणि वजन पंचावन्नच्या आत ठेवायचं. म्हणजे घरात दोन स्वयंपाक. त्याला भाकरी, उसळ, उकडलेली अंडी. बाकीच्यांना भात-आमटी. निवड चाचणीच्या आधी आठवडाभर तो वजनकाट्यावर दिवसातून चार वेळा चढतो आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. पहाटे पाचला सराव, म्हणून मी साडेचारला उठणार. शाळा, मग क्लास, मग पुन्हा सराव. क्लासच्या बाईंना फोन करून वेळ बदलून घेणं, शाळेत रजेचा अर्ज देणं, सोललेल्या कोपरांना औषध लावणं, क्रेप बँडेज धुवून गुंडाळून ठेवणं, नी-कॅप शोधून देणं, आधारकार्ड आणि जन्मदाखल्याच्या झेरॉक्स काढून ठेवणं. मी पनवेलला एका पतसंस्थेत नोकरी करते. तिथून येताना केळी आणि अंडी आणणं हेही त्यातच. यातलं एकेक काम किरकोळ आहे. कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण हंगाम उभा राहतो तो या किरकोळ कामांवरच.

सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आढळलं. बायांची जवळजवळ पाच तास, पुरुषांचा दीड ताससुद्धा नाही. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं कमी करून घेतली. हे आकडे वाचले तेव्हा मला माझी मोरी आठवली. मुलाच्या खेळाला लागणारा आईचा वेळ या पाच तासांतच कुठेतरी मुरलेला असतो. "खेळ" म्हणून त्याची नोंद कुठेही होत नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी मी चहा देताना म्हटलं, "आज मीही येते."

तिघांनी तीन तऱ्हांनी पाहिलं. नवरा म्हणाला, "अगं, तिथे बायका नसतात. रात्री बारा-एक होतो. बसायला जागा नाही, कुठे उभी राहशील?" त्याच्या आवाजात विरोध नव्हता, काळजी होती, आणि तो जे सांगत होता ते खरंही होतं. मुलगा म्हणाला, "आई, नको ना. पोरं हसतील." सासूबाई गप्प होत्या. मला वाटलं, त्याही नको म्हणणार. दुपारी भाजी निवडताना त्या आपणहून बोलल्या. "आमच्या यांचं मैदान दोन गल्ल्या सोडून होतं. आरडाओरडा खोलीत ऐकू यायचा. शिट्टी वाजली की मी समजायची, सामना सुटला, आता पाणी तापवायला ठेवायचं. अकरा वर्षं खेळले. मी एकदाही बघितलं नाही." मी विचारलं, "का नाही गेलात?" तर म्हणाल्या, "कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी चल पण म्हटलं नाही." मग थोड्या वेळाने, "तू जा. भाकऱ्या मी टाकते."

या एका वाक्यात केवढा इतिहास आहे! कुणी नको म्हटलं नाही, कुणी चलही म्हटलं नाही. बाईला अडवायला दरवेळी कुलूप लागत नाही. तिच्या जाण्याचा विचारच कुणाच्या मनात येत नाही, एवढं पुरेसं असतं.

सासूबाईंचं ऐकून मला सचिन तेंडुलकरच्या आईची आठवण झाली. रजनी तेंडुलकर एलआयसीत नोकरी करत होत्या. मुलगा चोवीस वर्षं देशासाठी खेळला, साऱ्या जगाने त्याला पाहिलं. पण त्यांनी मैदानात बसून त्याचा सामना पहिल्यांदा पाहिला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवर. ती त्याची दोनशेवी आणि शेवटची कसोटी होती. आईला पाहता यावं म्हणून हा सामना मुंबईत ठेवा, अशी विनंती त्यानेच क्रिकेट मंडळाला केली होती. त्या चाकाच्या खुर्चीत बसून आल्या होत्या. निरोपाच्या भाषणात त्याने आईचे आभार मानले, तसे काका-काकूंचेही मानले. शाळेत असताना मैदान जवळ पडावं म्हणून तो शिवाजी पार्कला त्यांच्याकडे राहत होता, आणि दमून आलेल्या त्या पोराला काकू अर्धवट झोपेत भरवत असे. अजिंक्य रहाणेनेही सांगितलंय की डोंबिवलीत रिक्षाला पैसे नसायचे, तेव्हा आई एका हातात धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात क्रिकेटची बॅग घेऊन त्याच्याबरोबर मैलोगणती चालत जायची.

या गोष्टी ऐकताना आपल्या सगळ्यांचे डोळे भरून येतात. माझेही येतात. या दोघांनी आपल्या घरातल्या बायांचे कष्ट लक्षात ठेवले, जाहीरपणे सांगितले, हे चांगलंच झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांची मुलं मोठी होतात त्या आयांचे कष्ट निदान शेवटच्या भाषणात तरी येतात. आणि ज्या हजारो मुलांचा खेळ दहावीच्या परीक्षेशी संपतो, त्यांच्या आयांचं काय? त्यांच्यासाठी भाषण होणार नाही. त्यांच्या हाती काय राहणार, तर मुलगा. खेळ सुटलेला, पण खेळताना जे शिकला ते घेऊन मोठा होणारा. म्हणून तो काय शिकतोय हे आजच बघायला हवं.

त्या रात्री मी गेले. एका शेजारणीला बरोबर घेतलं, तिचा मुलगाही त्याच संघात आहे. गाव जवळचंच, नाव सांगत नाही. मैदानाभोवती हजारभर माणसं असतील. बाया किती? आम्ही दोघी, भुर्जीपावच्या गाडीवर काम करणाऱ्या दोघी, आणि व्यासपीठावर सत्कारासाठी बोलावलेल्या एक पाहुण्या. त्या नारळ घेऊन अर्ध्या तासात गेल्या. बायांसाठी मुतारी नव्हती. पुरुषांसाठीही नव्हती, पण त्यांना शेताचा बांध होता. मी सहापासून पाणी प्यायले नव्हते, कारण मला हे ठाऊक होतं. कोणत्याही बाईला ठाऊक असतं.

आणि सामना! मैत्रिणींनो, मी काय सांगू? घरात बोट कापलं तर तोंड वेडंवाकडं करणारा माझा मुलगा तिथे वाघासारखा उभा होता. समोरचा चढाईपटू त्याच्याहून डोक्याने उंच. मुलाने खाली वाकून त्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही, मागून तिघे येऊन पडले. मी ओरडले. इतक्या मोठ्याने ओरडले की पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं ओरडायला कुठे मिळतं हो? मला तेव्हा समजलं की हे पुरुष रात्र-रात्र इथे का उभे राहतात. इथे मजा आहे, आणि ती मजा इतकी वर्षं आम्हाला कुणी दाखवलीच नव्हती.

पण दुसरंही ऐकलं. कुणाची चढाई फुकट गेली की मैदानाबाहेरून आवाज, "बांगड्या भर!" कुणी मागे राहिला की, "बायकांसारखा काय खेळतोस?" हे प्रेक्षकच म्हणत होते असं नाही, दोन्हीकडचे प्रशिक्षकही म्हणत होते. पंधरा वर्षांच्या मुलाला जोर यावा म्हणून त्याला बाईची लाज दाखवायची, हा जणू सरावाचाच भाग. माझ्या हातात बांगड्या होत्या. त्याच हातांनी काल रात्री ती जर्सी घासली होती.

आमचा संघ तीन गुणांनी हरला. मुलं मैदानातच बसली, काही रडायला लागली. माझा मुलगाही. सर आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल ऊठ, मुलीसारखा रडतोस काय?" सर मनाने चांगले आहेत. स्वतःच्या खिशातून पोरांना दूध पाजतात. त्यांना यात काही गैर वाटलं नसणार. मुलाने डोळे पुसले, ताठ उभा राहिला. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. त्याने हात हळूच बाजूला केला. पोरं बघत होती ना!

घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, चूक झाली, यायला नको होतं. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. तो ओट्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, ती पहिल्या डावातली पकड बघितलीस ना? घोट्याची?" मी म्हटलं, "बघितली. तू डावा पाय आधी टाकलास म्हणून जमलं." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग अर्धा तास ओट्याला टेकून बोलत होता. आठवीपासून माझ्याशी पाच मिनिटं धड न बोलणारा मुलगा.

तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की यापुढे जर्सी तो स्वतः धुईल. मैदानातून आल्यावर पाच मिनिटं बादलीत भिजवायची, अंघोळ झाली की घासायची. दुसरी, की "बांगड्या भर" हे मला ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "ते सगळेच म्हणतात गं, त्याचा अर्थ तसा नसतो." मी विचारलं, "मग कसा असतो?" त्याला उत्तर देता येईना. मीही जास्त ताणलं नाही. प्रश्न त्याच्यापाशी राहू दे, असं वाटलं.

जर्सीच्या गोष्टीला घरातून विरोध झाला तो असा: "अभ्यास, क्लास, सराव, त्यात धुणं! मुलाने दमायचं तरी किती?" बरोबर आहे, तो दमतो. पण मीही दमते, आणि माझ्या दमण्यावर अशी चर्चा घरात कधी झालेली नव्हती. शिवाय खेळाचे सर सांगतात की शिस्त लागते, जबाबदारी कळते, म्हणून मुलांनी खेळावं. मग स्वतःच्या घामाचा कपडा स्वतः धुणं ही जबाबदारी त्यात का येत नाही? जो मुलगा पंचावन्न किलो वजन राखायला आठवडाभर भूक मारू शकतो, त्याला दहा मिनिटं ब्रश धरता येत नाही हे मला पटत नाही. पहिल्या महिन्यात जर्सी दोनदा ओलीच घालावी लागली. मी मध्ये पडले नाही. त्रास मलाच जास्त झाला. तिसऱ्यांदा ती वेळेवर वाळली.

काही मैत्रिणी दुसऱ्या बाजूने बोलतात. म्हणतात, "बायकांच्या प्रश्नांवर बोलतेस आणि स्वतः मुलाच्या मागे मैदानं फिरतेस!" त्यांना मी सांगते, मुलावर माया करणं सोडायला मला कुठल्याच चळवळीने सांगितलेलं नाही. उद्या हाच मुलगा कुणाचा तरी नवरा, कुणाचा सहकारी, कुणाचा वरिष्ठ होणार आहे. त्याला घडवण्याचं काम मैदानही करतंय, शाळाही, मोबाइलही. मग मीच तेवढी मोरीत का बसू?

आता सहलींचं बोलते, कारण तीच गोष्ट तिथेही आहे. पावसाळ्यात सामने नसतात, तेव्हा आमच्याकडे सहली निघतात. गाढेश्वरचं पाणी, माथेरान, कर्नाळा. पावसात पाण्याच्या ठिकाणी बंदीचे आदेश निघतात, तेव्हा कर्नाळा बरा. कर्नाळ्याला आम्ही चारदा गेलो. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलहून बारा-तेरा किलोमीटर, खाली पक्ष्यांचं अभयारण्य आणि वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला. चारही वेळा मी पहाटे चारला उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, थर्मास भरला. चारही वेळा नवरा आणि मुलगा किल्ल्यावर गेले, आणि मी मुलीला घेऊन खाली झाडाखाली पिशव्या राखत बसले. "तुला चढवणार नाही, तू आराम कर," असं मला सांगितलं गेलं. ते परत आले की मी वाढायचं, घरी आलो की डबे घासायचे. आल्बममध्ये किल्ल्यावरचे फोटो आहेत, त्यात आम्ही दोघी नाही. या दिवसाला घरात सगळे "सहल" म्हणत होते. मीसुद्धा म्हणत होते.

२०२५ च्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, पाचव्यांदा गेलो. या वेळी ठरवून गेलो. पोळी-भाजी वाटेत विकत घेतली. ज्याची बाटली त्याच्या पाठीवर. पिशवी राखायला कुणी नाही, कारण राखण्यासारखी पिशवीच नाही. सासूबाई घरी राहिल्या, "माझ्यासाठी फोटो आणा" म्हणाल्या. मी चढले. दम लागला, तीन-चार ठिकाणी बसले. मुलगी पुढे पळत होती. मुलगा मात्र माझ्या वेगाने चालला. एका निसरड्या जागी त्याने हात दिला, आणि पलीकडे गेल्यावर लगेच सोडला नाही. वरून सगळा परिसर दिसला. आमचं सुकापूर कुठे असेल यावर तिघांचं भांडण झालं. घरी गेल्यावर आपापला डबा आपण धुतला. एवढंच. जग बदललं असं मी म्हणणार नाही, पण ती सहल होती. इतक्या वर्षांत माझी पहिली.

राहिली मुलगी. ती आता बारा वर्षांची आहे. या साऱ्या काळात ती कुठे होती? भावाच्या सरावामुळे तिचं जेवण उशिरा. भावाच्या सामन्यामुळे तिची गाण्याची शिकवणी बंद, कारण सोडायला कुणी नाही. मी धुवायला बसले की साबण आणून द्यायला ती. हे मी लिहिते तेव्हा मला स्वतःची लाज वाटते. माझ्यावर झालेला अन्याय मला दिसला, पण तिच्या वाट्याचा दिसायला वेळ लागला.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तो आमच्यापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या नेरुळच्या मैदानावर. मध्यरात्रीपर्यंत अख्खी इमारत जागी होती. शफाली वर्माने ८७ धावा काढल्या, दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. हीच शफाली लहानपणी मुलांत खेळायला मिळावं म्हणून मुलासारखे केस कापून मैदानात जात होती. आणि सांगलीची स्मृती मानधना? तिला खेळाची गोडी लागली ती भावाचे सामने पाहून. तिच्या घरी वडील खेळाचं बघत, आई खाण्यापिण्याचं आणि कपड्यांचं, आणि भाऊ तिला गोलंदाजी टाकत असे. आईच्या वाट्याला तिथेही तेच काम आलं. पण निदान घरात भाऊ बहिणीसाठी राबला. तिला घरी ठेवून सगळे भावाच्या सामन्याला गेले असते तर?

त्या रात्री मुलीने विचारलं, "आई, मला कबड्डीला घालशील?" मी दुसऱ्या दिवशी सरांना भेटले. ते म्हणाले, "मुलींचा गट नाही आपल्याकडे. आठ-दहा मुली आणा, मग बघू." त्याच महिन्यात ढाक्याला भारताच्या महिलांनी कबड्डीचाही विश्वचषक जिंकला. त्यासाठी आमची इमारत जागी राहिली नाही. पुरुषांची प्रो कबड्डी लीग वर्षानुवर्षं चालू आहे. तिच्या जोडीने २०१६ साली बायांचे सामने ठेवले होते, तीन संघांचे. एका हंगामात ते बंद झाले. असं असताना आठ-दहा मुली आणायचं काम आयांनीच करायचं, असं ठरल्यासारखं आहे. ठीक आहे, करतो. आजपर्यंत पाच झाल्या आहेत. एकीच्या घरून होकार आला तो "अंधार पडायच्या आत घरी" या अटीवर, म्हणून सरावाची वेळ अलीकडे आणायला सरांच्या मागे लागलो आहोत.

मुलाचा किशोर गटातला हा शेवटचा हंगाम. आता सामन्यांना आम्ही पाच-सहा आया मिळून जातो, एकच टेम्पो ठरवतो. एका मंडळाला आम्ही आधीच कळवलं होतं की बाया येणार आहेत, मुतारीची सोय करा. त्यांनी शेजारच्या शाळेचं कुलूप उघडून दिलं. इतकं सोपं होतं ते. कुणी मागितलंच नव्हतं. दुसऱ्या मंडळाने उत्तरही दिलं नाही. सरांशी "बांगड्या भर"वरून बोललो. ते आधी हसले, मग म्हणाले, "तोंडात बसलंय हो, प्रयत्न करतो." परवाच्या सामन्यात एका मुलाला म्हणाले, "अरे, बाय..." आणि आमच्याकडे बघून थांबले. पोरं खो खो हसली. हसू देत. शब्द अर्ध्यावर थांबला, हे मला पुष्कळ वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी मुलगा खेळत असेल, क्रिकेट असो, खो-खो असो की फुटबॉल, तर एकदा हिशोब करून बघा. त्याच्या हंगामात तुमचे किती तास जातात, आणि त्यातला किती वेळ तुम्ही मैदानावर असता? डबा पोचवायला गेलेली वेळ धरू नका. बाकड्यावर बसून, हात रिकामे ठेवून, नुसता खेळ पाहिला ती वेळ मोजा. आणि तेव्हा तुमची मुलगी कुठे होती तेही लिहा. हिशोब आम्हाला कळवा. पुढच्या अंकात सगळ्यांचे एकत्र मांडता येतील.

आणि सासूबाई? गेल्या रविवारी सामना दिवसाचा होता, सुकापूरच्या जवळच. निघताना मी त्यांना म्हटलं, "आई, चला." त्यांनी पातळ बदललं, चष्मा पुसला आणि टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मैदानावर नातवाची पहिली पकड फसली, तेव्हा त्या माझ्या कानात म्हणाल्या, "कोपऱ्यावर उभा राहून एवढं पुढे येतात का? यांनी असं कधी केलं नसतं." अकरा वर्षं खोलीत बसून नुसता आरडाओरडा ऐकला होता त्यांनी. सामना तेव्हाही त्यांना कळत होता.